सिस्टरचं कार्ड

"मरेन, पण इथे राहणार नाही," कारखान्यातली शिलाईवाली म्हणाली आणि दवाखान्यातल्या खुर्चीवरून उठली.

सिस्टरने तिला दंडाला धरून परत बसवलं. सातवा महिना, रक्तदाब एकशे साठ, पाय सुजलेले, दोन दिवस डोकं ठणकतंय. हिला सोडलं तर वाटेतच झटके यायचे. बाळही जायचं आणि आईही.

"अगं, गोळ्या सुरू केल्या की उतरेल. चार दिवस आमच्या नजरेसमोर राहा."

"चार दिवसांत माझ्या मशीनवर दुसरी बसेल."

हे सिस्टरला नवं होतं का, कप्पाळ! तीही पोटुशी, आठवा महिना चालू होता. नोकरी कंत्राटाची. बाळंतपणाच्या तारखेआधी रजा टाकली, की पुढचं कंत्राट विसरा. घरी तिच्या पगारावर चार तोंडं. म्हणून रोज साठ दंडांना पट्टा बांधणारी ही बाई स्वतःच्या गरोदरपणाच्या कार्डावर मात्र न मोजताच १२०/८० लिहायची. दुसऱ्यांवर ओरडायला तेवढी पुढे! आज सकाळपासून तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. भिंतीला धरून चालत होती, कुणी विचारलं तर हसत होती.

शिलाईवालीची नजर खाली गेली. सिस्टरच्या चपलांचे पट्टे पायांत रुतले होते.

"अगं बाई! सिस्टर, तुमचे पाय तर माझ्याहून सुजलेत. तुम्ही आहात ना उभ्या? मग माझ्याच मागे का लागलाय?"

"माझं वेगळं आहे."

"काय वेगळं? तुमचा रक्तदाब मोजा की. फुगा मी दाबते. तुमचा बरोबर निघाला, तर सूजबिज सगळं झूट, मी चालले घरी. जास्त निघाला आणि तुम्ही इथे खाटेवर झोपलात, तर मीही झोपते."

 सिस्टरने स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला, नळ्या कानांत घातल्या. शिलाईवाली मन लावून फुगा दाबत राहिली. काटा चढला, मग हळूहळू उतरू लागला. ठोके एकट्या सिस्टरला ऐकू येत होते. एकशे वीस म्हटलं की नोकरी वाचत होती. कोण पडताळणार होतं?

"किती?" शिलाईवालीने विचारलं. पिशवी तिने खांद्याला अडकवलीच होती.

सिस्टरला रडू फुटलं. तिने नळ्या काढल्या.

"एकशे सत्तर. ठेव ती पिशवी खाली. दोघींचे केसपेपर काढते."