सोळा हातांचं पारायण

“वेगाला भुलू नकोस, हात मोज,” संगणकाचे सर म्हणायचे. संगणकाच्या दुकानात दोन प्रोसेसर समोर ठेवून बसलेल्या मृदुलाला अर्थ उमगेना. अंध जाऊबाईंना पोथी वाचून दाखवणारा प्रोग्राम चातुर्मासाआधी लिहून द्यायचं तिने कबूल केलं होतं. पण घरच्या लिनक्स संगणकावर एकेक दुरुस्ती कंपाइल होऊन चालण्याजोगी व्हायला दिवस जाई.

“वहिनी, नवस बोलून बघा,” दुकानदार हसला.

“बोललेय. आता तुम्ही चालवून दाखवा.”

त्याने कमी वेगाच्या, पण सोळा कोअरच्या, म्हणजे एकाच वेळी सोळा कामं करणाऱ्या प्रोसेसरवर तिने आणलेला प्रोग्राम कंपाइलला लावला. पडद्यावर सोळा रेघा एकदम उसळल्या, सोळा हात कामाला लागले. मंडळातल्या बायका अध्याय वाटून घेऊन एका बैठकीत पारायण पुरं करतात, तसे. चहा निवायच्या आत प्रोग्राम तयार झाला. तिचे हात नकळत जुळले.

तोच प्रोसेसर विकत घेऊन, पिशवीत टाकून ती घराकडे निघाली. जाऊबाईंसाठी दुरुस्त्या अजून बऱ्याच बाकी होत्या.