हिरवा ठिपका

पितळी नळीचं झाकण जागेवर नव्हतं.

घड्याळजींनी चौथऱ्याखाली पाहिलं, दोरखंडांच्या वेटोळ्यात हात घालून पाहिलं. कप्तानाने वरून ओरडायचं आणि खाली इंजिनखोलीत ऐकू जायचं, अशी ती नळी. तिचं झाकण त्यांनी महिनाभर कानशीने घासून स्वतःच्या हाताने बनवलं होतं. मागच्याच रविवारी मेट्रनबाईंनी त्यावर हिरवा ठिपका दिला होता.

ठिपका म्हणजे काम संपलं. जुन्या युद्धनौकेची डागडुजी करणाऱ्या त्या चार स्वयंसेवकांचे नियम दोनच होते. प्रत्येकाने आपापलं काम करायचं, आणि दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. सगळीकडे हिरवे ठिपके पडले की नौका ओढत नेऊन दुसऱ्या बंदरातल्या संग्रहालयात ठेवायची, असं ठरलं होतं.

"आधी माझ्या हातपंपाचं चामडं कापलं," मेट्रनबाई म्हणाल्या. इस्पितळातून निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी आवाज वॉर्डातलाच होता. "मग शिंपीकाकांचं कापडी छत उसवलं. मग कठड्याचे बोल्ट गेले. आता हे झाकण."

"बोल्ट दोनदा गेले," वेल्डर म्हणाला. कठडा त्याचा होता.

"संग्रहालयाच्या समितीचा निरोप आलाय," मेट्रनबाई पुढे म्हणाल्या. " पुढच्या रविवारपर्यंत हे करणारा सापडला नाही, तर आपण किल्ल्या परत द्यायच्या. उरलेलं काम कंत्राटदार करेल."

शिंपीकाका सुईत दोरा ओवत राहिले. दोरा काही ओवला जाईना.

बायको गेल्यापासून घड्याळजी मुलाकडे राहत होते. सून वाईट नव्हती, पण बाळाची झोप मोडते म्हणून तिने त्यांची सगळी घड्याळं रजईत गुंडाळून कपाटात ठेवली होती. त्या मुक्या घरात ते आठवडाभर रविवारची वाट पाहत. नौका हातची गेली, तर रविवारही जाणार होता. झाकण नेणारा सापडायलाच हवा होता.

त्यांचा संशय वेल्डरवर होता. त्याच्या मेव्हण्याचं भंगाराचं दुकान होतं, आणि झाकण पितळेचं होतं. स्वतःचेच बोल्ट काढून "माझेही गेले" म्हणायला कितीसा वेळ लागतो? एकदा संशय डोक्यात शिरला की माणसाने हसावं तरी पंचाईत, गप्प बसावं तरी पंचाईत. वेल्डर दोन्ही करायचा.

"मेव्हण्याचं दुकान कसं चाललंय?" घड्याळजींनी विचारलं.

"बरं चाललंय. का हो?"

"सहज. पितळ बरंच येत असेल."

वेल्डरने हातातलं काम खाली ठेवलं. "काय विचारायचंय ते सरळ विचारा ना."

"मी कुठे काय म्हणालो? चोराच्या मनात चांदणं."

त्या दुपारी वेल्डर आपला डबा घेऊन नौकेच्या पार मागच्या टोकाला एकटाच जेवायला बसला. घड्याळजींना थोडं वाईट वाटलं. पण तेही थोडंच.

पुढच्या रविवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे धक्क्यावरच्या शेडमध्ये गेले. घड्याळजी पोट बिघडल्याचं सांगून मागे राहिले आणि रंगाच्या डब्यांच्या खोलीत दार किलकिलं करून उभे राहिले. टर्पेंटाइनच्या वासाने डोळे चुरचुरत होते. पुष्कळ वेळाने पावलं वाजली. ती वेल्डरच्या जड बुटांची नव्हती.

मेट्रनबाई आल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, ॲप्रनच्या खिशातून पाना काढला, कठड्याचा एक बोल्ट सोडवला आणि पाण्यात टाकला.

"बाई!" घड्याळजी ओरडले.

मेट्रनबाई दचकल्या नाहीत. दुसरा बोल्टही त्यांनी पुरता सोडवला. "ओरडू नका. पेशंट झोपलेत."

"अहो, थट्टा कसली करताय? कुंपणच शेत खायला लागल्यावर बोलायचं कुणाला?"

"कठडा धड नसला की बंदराचा तपासनीस नौका हलवू देत नाही," त्या म्हणाल्या. "मग कंत्राटदार येवो, नाहीतर आणखी कुणी. सगळा जन्म मी माणसांच्या गराड्यात काढला, घड्याळजी. आता रविवारी तुम्ही तिघं तेवढे भेटता. सगळं हिरवं झालं की मी भांडू कुणाशी?"

घड्याळजी उपड्या बादलीवर बसले. त्यांचा राग ओसरला. झाकणाचं मात्र अजून डाचत होतं.

"पण माझं झाकण कशाला नेलंत? किती घासलं होतं मी ते!"

"मी नाही, शिंपीकाकांनी नेलं. परवा त्यांना गाठलं, तर रडायलाच लागले. पुन्हा शिवलेलं छत स्वतःच उसवायचा धीर होईना, म्हणून तुमचं झाकण लपवलं म्हणे."

"आणि छत?"

"वेल्डरने उसवलं. काल घरी येऊन स्वतःच सांगून गेला. तुम्ही त्याला चोर ठरवलंत, ते फार लागलंय त्याला. छत उसवलं म्हणाला, पण पंपाला हात लावला नाही. शिंपीकाकाही तसंच म्हणाले." मेट्रनबाई जवळ आल्या. त्यांच्या आवाजातला वॉर्ड कुठल्या कुठे गेला होता. "सुरुवात माझ्या पंपापासून झाली, घड्याळजी. तो कुणी मोडला एवढं कळलं, की समितीला काय सांगायचं ते आपण चौघं मिळून ठरवू."



"चामडं फार चिवट होतं, बाई," ते म्हणाले. "माझी दोन पाती मोडली."