पोटात असताना ऐकलेलं

"पोटातच सगळं ऐकून आलीये ही पोरगी!" लहानपणी आत्या म्हणायची. तिचा तो खणखणीत आवाज मौनीला आठवला, आणि नेमकं तेव्हाच समोरचं कोकरू पहिल्यांदा उभं राहिलं. चार पाय चार दिशांना गेले. धपकन गवतावर बसलं.

"पडला गडी!" तिच्याबरोबर काम करणारा लंब्या खुसखुसला.

"हळू रे!" थोरल्या मॅडमनी दटावलं, पण डोळे त्यांचेही हसत होते.

प्रयोगशाळेमागचा गोठा आज लग्नघर झाला होता. कोकराचं अंग अजून ओलसर, कान कोवळ्या पानांसारखे. आडोशापलीकडे त्याची आई हुंकारत होती.

मेंदूतल्या एका पेशीचा निरोप दुसरीकडे नेणारं एक रसायन असतं, ग्लुटामेट. निरोपाला आत घेणारी पेशीवरची दारं म्हणजे त्याचे ग्राही. आईच्या पोटातल्या कोकराची ही दारं जन्माआधीच किलकिली होतात का? बाहेरचा आवाज त्यांतून आत शिरून घर करतो का? मॅडमना हेच पाहायचं होतं. म्हणून मेंढी गाभण असताना लंब्यानं वाचलेला हवामानाचा अंदाज रोज तिच्या कुशीशी वाजवला होता. बाकी कुणी तिच्याजवळ तोंड उघडायचं नाही, असा कडक नियम. मौनीबद्दल कुणाला धास्तीच नव्हती. ती माणसांशीही मोजकंच बोलायची. नावच पडलं होतं तसं.

लंब्या आज संध्याकाळच्या गाडीनं चालला होता. दूरच्या, मोठ्या प्रयोगशाळेत, कायमचा. बॅग गोठ्याच्या दाराशी उभी होती. तो जाणार हे कळल्यापासून मौनीचा जीव थाऱ्यावर नव्हता. थांबवायला हवं होतं त्याला. शब्द ओठांवर यायचे आणि चहाच्या घोटाबरोबर परत खाली जायचे.

"लाव," मॅडम पुटपुटल्या.

डाव्या स्पीकरमधून कुणा परक्याचा आवाज आला. कोकरू ढिम्म. मग उजवीकडून लंब्या बोलू लागला, "आकाश अंशतः ढगाळ राहील..." कोकराचा कान टवकारला. ते उठलं, डुलत डुलत उजवीकडे निघालं. मॅडमनी मौनीचा दंड असा आवळला की तिला कळ आली. तेवढ्यात पायात पाय अडकले आणि कोकरू तोंडावर आपटलं.

"ऊठ रे राजा!" मौनीच्या तोंडून निसटलं.

कोकरू सगळंच्या सगळं वळलं. शेपूट भिरभिरलं. पडत, उठत, पुन्हा पडत ते स्पीकरला वळसा घालून धावत आलं आणि मौनीच्या एप्रनचा कोपरा तोंडात धरून चुटूचुटू चोखू लागलं.

"वाऱ्याचा वेग मध्यम," स्पीकर आपला सांगतच होता.

लंब्याला हसू आवरेना. "इतके दिवस मी पाऊस पाडतोय, आणि पोरगं हिच्या गळ्यात!"

मॅडम मात्र हसल्या नाहीत. "तू मेंढीशी बोलायचीस?"

मौनीनं मान हलवली. "सकाळी. खुराक घालताना. कुशीला तोंड लावून."

आता वीज कोसळणार म्हणून तिनं डोळे मिटले. पण मॅडमनी टाळीच वाजवली. "अगं वेडे! प्रयोगाची माती केलीस, आणि दारं सताड उघडी असतात हेही दाखवलंस!" त्यांनी दोन्ही हातांनी तिला गदागदा हलवलं. कोकरूही तिच्याबरोबर हललं, पण एप्रन सोडेना. "आता काय ऐकवलंस ते शब्दन् शब्द सांग. हे शास्त्र आहे, इथं लाजून भागत नाही."

मौनी कानापर्यंत लाल झाली.

"सांग की," लंब्या डोळे पुसत म्हणाला. "माझ्या हवामानापेक्षा गोड असं काय वाचायचीस?"

"वाचत नव्हते. सराव करत होते."

"कसला?"

तिनं मान वर केली आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"तुला सांगायचा. 'लंब्या, जाऊ नकोस ना रे.'"