कुठला परवा?

“परवा रविवार. आजपासून शंभर दिवसांनी कोणता वार?”

अध्यक्षबाईंनी माइकवर शेवटचं कोडं वाचलं आणि घड्याळाची कळ दाबली. स्टेजवर दोनच स्पर्धक उरले होते. डावीकडे पाचवीतला ढापण्या. त्याचा चष्मा त्याच्या तोंडापेक्षा मोठा होता. उजवीकडे सहावीतली हेल्मेट. ती सायकलवरून आली होती आणि हेल्मेट काढलं की डोकं चालत नाही, असं तिचं म्हणणं होतं. त्यामुळे सकाळपासून सगळे तिला त्याच नावाने हाक मारत होते. दोघांचे गुण सारखे, आणि टेबलावर कप एकच.

दोघांनी पाट्या एकदमच वर केल्या. ढापण्याच्या पाटीवर रविवार. हेल्मेटच्या पाटीवर गुरुवार.

बाईंनी हातातली चिठ्ठी पाहिली. उत्तर रविवार. शंभर दिवस म्हणजे चौदा आठवडे आणि वर दोन दिवस, म्हणून फिरून रविवारच. उत्तर कोड्यातच दडवून ठेवायचं आणि पोरांना गावभर हिंडवायचं, ही कोडेमास्तरांची जुनी खोड. मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून मिशीवरून हात फिरवत होते.

बाईंना त्या खोडीचा, मिशीचा आणि मास्तरांचा, तिन्हींचा वीट आला होता. स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून कोडी मास्तरच काढत. “माझ्या एका जरी कोड्याला दोन उत्तरं निघाली, तर दुसऱ्या दिवसापासून घरी बसेन,” हे येता-जाता ऐकवत. इकडे बाईंच्या भाच्याने एक प्रोग्राम बनवून ठेवला होता. बटण दाबलं की कोडं तयार. ना रुसवेफुगवे, ना भाषणं. पण समिती अडून बसली होती. आधी मास्तरांची एक तरी चूक दाखवा, मग बघू.

बाईंनी खटपट काही कमी केली नव्हती. गुरुवारी ऑफिसात मास्तरांना समोर बसवून त्यांनी एकेक कोडं भाजी निवडावी तसं निवडलं. चूक म्हणून सापडेना. मग निदान पाल्हाळ तरी कमी करू, म्हणून इथला शब्द काढ, तिथला शब्द काढ, असं करत सगळी कोडी सडसडीत करून टाकली. मास्तर थोडे कुरकुरले. पण बाईंपुढे कोणाचं काय चालतंय!

“उत्तर रविवार!” बाई म्हणाल्या. “ढापण्या... म्हणजे आपला डावीकडचा स्पर्धक विजयी.”

टाळ्या पडल्या. ढापण्याची आई फोटो काढायला थेट स्टेजवरच चढली. तेवढ्यात हेल्मेटने हात वर केला.

“बाई, कुठला परवा?”

“कुठला म्हणजे?”

“झाला तो, की यायचाय तो? झालेल्या परवा रविवार असला तर आज मंगळवार. मग शंभर दिवसांनी गुरुवारच येतो.”

सभागृहात सगळे बोटांवर मोजायला लागले. मागून कोणाचा तरी बाप ओरडला, “अहो, पण आज तर शनिवार आहे!” त्याच्या बायकोने त्याला शर्ट धरून खाली बसवलं.

बाई आधी चिडल्या. एवढीशी पोरगी, आणि ही जीभ! मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. रविवार आणि गुरुवार. एका कोड्याला दोन उत्तरं! त्यांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या. तोंडावर मात्र त्यांनी होता होईल तेवढं सुतक आणलं आणि कोपऱ्याकडे पाहिलं.

मास्तर उठले होते. त्यांचे कान लालबुंद झाले होते. ते हळूहळू स्टेजवर आले, हेल्मेटच्या पाटीकडे बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी तिच्या हेल्मेटवर टकटक केलं.

“पोरीचं बरोबर आहे. त्याचंही बरोबर आहे,” ते म्हणाले. “कपाला दोन कान असतात. एकेक धरा.”

दोघांनी एकेक कान धरला आणि लगेच ओढाताण सुरू केली. लोक खुशीत ओरडायला लागले. मास्तर पायऱ्यांकडे वळले. या कोड्यांना त्यांनी जीव लावला होता, आणि ती आता गेली, हे त्यांच्या पडलेल्या खांद्यांवरून शेवटच्या रांगेलाही दिसत होतं. बाईंनाही वाईट वाटलं. अगदी क्षणभर.

“मास्तर, शब्द म्हणजे शब्द,” त्या माइकवरच म्हणाल्या, म्हणजे समितीच्या कानावर आपोआप गेलं. “परवा ऑफिसात या. तुमचा निरोप समारंभ उरकून टाकू.”

मास्तर पायऱ्या उतरत होते. ते थांबले.

“कुठल्या परवा?”

सभागृह खो खो हसलं. सर्वांत मोठ्याने हेल्मेट.

“येणाऱ्या!” बाई एवढ्या जोरात ओरडल्या की माइकने शिट्टी मारली.

“नाही, झालेल्या परवाही येऊन गेलो, म्हणून विचारलं,” मास्तर म्हणाले. “‘परवा रविवार आहे’ असं घेऊन आलो होतो, बाई. त्यातलं ‘आहे’ तुमच्याकडेच राहिलंय.”