एक जास्तीचं

आमरसाची वाटी ऋतिकानं बाजूला सारली आणि रंजनाचं डोकं फिरलं.

"का गं? आई सकाळपासून रस काढत बसली होती."

"नको ताई. मला नाही चालत."

चालत नाही म्हणे! वांगणीच्या शेतकऱ्याची लेक, दारात आंब्याची तीन झाडं, आणि हिला रस चालत नाही. रंजना तोंड उघडणार तेवढ्यात प्रतिभाबाईंनी ती वाटी नातवाच्या ताटात रिकामी केली आणि सुनेपुढे वेगळी शिजवलेली फिकी भाजी ठेवली. डाएट असेल. हल्ली सगळ्यांचंच असतं.

मे महिन्यात पोरांना घेऊन अंबरनाथला माहेरी यायचं आणि पाटावरून ताटावर, ताटावरून पाटावर करायचं, हा रंजनाचा दरवर्षीचा नेम. यंदा मात्र घास घशाखाली उतरत नव्हता. पुढच्या आठवड्यात आईचं ऑपरेशन होतं. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. आता आईलाच काही झालं तर माहेर म्हणून उरणार काय? तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की तिला राग येई.

"नक्की झालंय काय तुला?" तिनं आईला पुन्हा विचारलं.

"पोटात एक आहे जास्तीचं. ते काढलं की सुटले."

"म्हणजे गाठ?"

"डॉक्टर म्हणाले, आजी, तुम्ही ठणठणीत आहात."

"ठणठणीत माणसाला कुणी कापतं का?"

"तुला सांगायची सोय नाही बघ. लगेच गळा काढतेस. रस घे अजून."

धाकट्या भावाला, विनीतला, विचारावं तर तो मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणे, "ताई, होईल सगळं नीट. टेन्शन नको घेऊ."

टेन्शन कुणी घ्यायचं मग? सूनबाईंनी तर नक्कीच घेतलं नव्हतं. एक दिवसाआड सकाळी पर्स अडकवून त्या उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात. परत यायच्या ते उन्हं कलल्यावर. आल्या की सरळ पंख्याखाली आडव्या. अंगात एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा कुर्ता, उन्हानं रंग उतरायला नको ना!

"सबंध बाजार पालथा घातलास आणि पिशवी रिकामीच?" रंजनानं एकदा टोमणा मारला.

ऋतिका नुसती हसली आणि कुशीवर वळली. लाइट गेली तशी प्रतिभाबाई पुठ्ठा घेऊन तिला वारा घालायला बसल्या. सासू सुनेला वारा घालतेय! रंजनानं पोरांना गोळा खायला बाहेर नेलं, नाहीतर घरात त्याच वेळी भांडण झालं असतं.

सोमवारी मायलेकी शिवमंदिरात गेल्या. पिंडीवर आईनं दोन बेल वाहिले. "एक माझा, एक ऋतिकाचा."

"तिचा कशाला? ऑपरेशन तुझं आहे."

"तिला आई नाही गं," प्रतिभाबाई म्हणाल्या, आणि गाभाऱ्यातून वर पायऱ्या चढताना भलताच विषय काढून हसल्या. "ऑपरेशनच्या आधी साहेबलोकांपुढे बसवलं होतं मला. विचारतात कसे, आजी, घरातल्या कुणी जबरदस्ती तर नाही ना केली? म्हटलं, माझ्यावर जबरदस्ती करणारा अजून जन्माला यायचाय!"

रंजनाला हसू आलं नाही. घरी येऊन तिनं विनीतला धरलं, तेव्हा तो म्हणाला, "हल्ली हॉस्पिटलवाले कायद्याला घाबरतात, ताई."

त्या संध्याकाळी आई पोळ्या लाटत होती आणि ऋतिका पडून होती. रंजनाचा बांध फुटला.

"तुला आई नाही म्हणून माझीच आई सापडली का? चार दिवसांवर ऑपरेशन आलंय तिचं. तिला काही बरंवाईट झालं तर ते तुझ्यामुळे, लक्षात ठेव."

ऋतिका कशीबशी उठून बसली. तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. बहुतेक झोपेनं.

"मी नकोच म्हणत होते, ताई. पाया पडले. आई ऐकतच नाहीत."

"दोन पोळ्या लाटायला पाया पडावं लागतं का?"

"रंजे!" लाटणं हातात घेऊनच प्रतिभाबाई आल्या. "तिला एक शब्द बोलायचा नाही."

आई असं कधी बोलली नव्हती. रंजना गच्चीत जाऊन पोटभर रडली.

दोन दिवसांनी ऋतिका घरात नव्हती. तिची बॅगही नव्हती.

"ती पुढे गेली," विनीत म्हणाला.

"सासू ऑपरेशनला निघालीय आणि ही रुसून माहेरी?"

विनीतनं बुटाची बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. बायकोचा बैल, दुसरं काय!

ऑपरेशनच्या दिवशी मुंबईच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात आईजवळ रंजना एकटीच होती. विनीत घटकाभर टेकायचा आणि कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला निघून जायचा. प्रतिभाबाईंनी हातातल्या बांगड्या काढून लेकीच्या ओंजळीत ठेवल्या.

"माझं काही झालं तरी ऋतिकाला बोल लावायचा नाही. माझी शपथ आहे."

"आजही तिचंच? आई, ती साधी भेटायलासुद्धा आली नाही!"

"येईल."

वॉर्डबॉयनं आईच्या स्ट्रेचरची गाडी ढकलायला सुरुवात केली. रंजना आईचा हात धरून चालत राहिली, ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत. समोरच्या टोकाकडून आणखी एक गाडी येत होती. तिच्या बाजूनं विनीत चालत होता, डोळे पुसत.

गाडीवर ऋतिका होती. आज लांब बाह्या नव्हत्या. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत सुयांच्या खुणाच खुणा होत्या.

प्रतिभाबाईंनी लेकीच्या हातातून आपला हात सोडवला आणि पलीकडे लांब केला. "घाबरू नकोस गं, बाळा."

दार उघडून सिस्टर बाहेर डोकावली. "आधी सासूबाईंना आत घ्या. त्यांची किडनी काढून होत आली की सूनबाईंना घेऊ."