पोटातली भीती

ऑपरेशनच्या सकाळी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. उपाशीपोटी ती वॉर्डच्या खिडकीपासून दारापर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालत होती.

ती कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करायची. दर महिन्याला कात्री खाली ठेवून, पोट आवळून टेबलाखाली बसायची वेळ यायची, आणि सोनोग्राफी मात्र दरवेळी स्वच्छ निघायची. सुपरवायझर म्हणायचा, "हिची नाटकं सुरू झाली." आई म्हणायची, "बायकांना दुखतंच गं, त्याचा किती बाऊ करायचा?" शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दुर्बीण घालून आत बघितल्याशिवाय काही कळायचं नाही.

"बस ना जरा," आई म्हणाली. "घाबरू नकोस, काही निघायचं नाही."

"तेवढं बोलू नकोस, आई," ती म्हणाली आणि पुन्हा चालायला लागली.

शुद्धीवर आली तेव्हा घशाला कोरड पडली होती, पोटावर पट्ट्या होत्या. डॉक्टरीणबाई पलंगाशी उभ्या होत्या.

"एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढायचा आजार. बराच पसरला होता, आतड्यालाही चिकटला होता. आम्ही काढलाय. पण इतकी वर्षं कसं सोसलंत हो तुम्ही?"

आईला हुंदका आवरेना. ती मात्र उशीवर डोकं टेकून हसत होती.

"अगं, हसतेस काय अशी?" आईने घाबरून तिचा हात धरला.



"आत काहीच सापडलं नसतं तर, आई?"