श्यू

"ताई, त्याच पैशांत हा टॅबलेट घ्या की! रंगीत पडदा, सिनेमे, गाणी," दुकानदार म्हणाला. "त्या ई-रीडरमध्ये काय, नुसती पुस्तकं!"

"त्याचा आवाज येतो? उजेड चमकतो?" सिउ-क्वानने विचारलं.

"छे, मेल्यासारखा पडून राहतो. पण पुस्तकं मावतात तीन हजार."

"गादीखाली दबला तर?"

"कडक कव्हर देतो. पण गादीखाली कशाला?"

"घरात तेवढीच सुरक्षित जागा आहे. तीनच्या तीन हजार भरून द्या."

त्यांच्या कॅन्टनी बोलीत पुस्तक म्हणजे 'श्यू' आणि डाव हरणं म्हणजेही 'श्यू'. एवढ्यावरून, माहजाँगच्या डावात हरणाऱ्या सासूने नव्या वर्षाच्या साफसफाईत सुनेची सगळी पुस्तकं रद्दीत घातली होती. तिच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने बांधलेलीसुद्धा. वर ऐकवलंही होतं, "घरात हार भरून ठेवलीस, अवदसे!"

रविवारी चौघीजणी डावाला बसल्या. सासूबाई ओळीने सगळे डाव हरल्या. शेवटी सोंगट्या ढकलून देत त्या सुनेवर खेकसल्या, "खरं सांग, घरात एखादं पुस्तक राहिलंय का?"

सिउ-क्वानने सासूबाईंच्या बुडाखालची गादी मायेने सारखी केली.

"एखादं? नाही हो, आई. अगदी शपथेवर सांगते."